पिलांचे पहिले आठ दिवस

कोंबडीची पिलं दगावतात ती बहुतेक पहिल्या आठवड्यात, आणि त्यातही तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमाराला. पहिल्यांदाच पिलं आणणाऱ्या माणसाला याचा फार धक्का बसतो, कारण पहिले दोन दिवस सगळं नीट चाललेलं असतं. पिलं चिवचिवतात, इकडून तिकडे पळतात, घरातली मुलं त्यांच्याभोवती बसून असतात. मग एका सकाळी चार पिलं मान टाकून पडलेली दिसतात आणि काल तर सगळी ठणठणीत होती, असं म्हणत माणूस हतबुद्ध होतो.

याचं कारण पिलाच्या पोटात आहे. अंडी उबवायला २१ दिवस लागतात. बाहेर येण्याआधी, १९व्या-२०व्या दिवसाच्या आसपास, उरलेला बलक पिलू आपल्या पोटात ओढून घेतं. या शिदोरीवर ते दोन-तीन दिवस दाण्यापाण्याविना तग धरतं. एक दिवसाची पिलं खोक्यात भरून हॅचरीतून दूरच्या गावी पाठवता येतात ती याच बळावर. पण याच काळात ज्या पिलानं खायला-प्यायला सुरुवात केली नाही, त्याची शिदोरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी संपते आणि ते जातं. आपण चौथ्या दिवशी काय बिघडलं ते शोधत बसतो, पण बिघडलेलं असतं पहिल्याच दिवशी. म्हणून मी पिलं पाळणाऱ्या प्रत्येकाला सांगते, की सगळी ताकद पहिल्या तीन दिवसांवर लावा.

पिलं यायच्या आदल्या दिवशीच जागा तयार हवी. जमिनीवर दोन-तीन इंच भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा पसरा. तो कोरडा हवा, आणि बुरशीचा वास येत असेल तर तो गोठ्यातही नको. त्याभोवती पत्र्याचा किंवा जाड पुठ्ठ्याचा फूट-दीड फूट उंचीचा गोल कडा उभा करा. याला चिक गार्ड म्हणतात. २५ पिलांना पहिला आठवडा तीन-चार फूट व्यासाचा गोल पुरतो. चौकोनी खोकं टाळा. थंडी वाजली की पिलं कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात; गोलाला कोपराच नसतो. तुसावर पहिले दोन-तीन दिवस गोणपाट अंथरा, म्हणजे पिलं तूस खात नाहीत. वर्तमानपत्राचा गुळगुळीत कागद मात्र नको. त्यावर पाय घसरतात, पहिल्याच दिवशी मांड्या बाहेर फाकतात आणि पिलू उभं राहायचंच बंद होतं. असं पिलू दिसलं तर लगेच दोन्ही पायांना मऊ चिकटपट्टीनं सैलसर जोडून ठेवा, पाय शरीराच्या रुंदीइतके लांब राहतील असे. सुरुवातीच्या एक-दोन दिवसांत हे केलं तर बरीच पिलं तीन-चार दिवसांत नीट चालू लागतात. आठवडा उलटल्यावर फारसा उपयोग होत नाही.

आता ऊब. नव्या पिलाच्या अंगावर नुसती लव असते, पिसं नसतात, आणि स्वतःच्या शरीराची उष्णता टिकवणं त्याला जमत नाही. पहिल्या आठवड्यात त्याच्या पाठीच्या उंचीवर साधारण ३५ अंश सेल्सिअस तापमान लागतं. पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. त्यासाठी साधा पिवळ्या प्रकाशाचा, तारेचा बल्ब हवा. एलईडी दिवा उजेड देतो पण ऊब देत नाही. घरोघरी एलईडी आल्यापासून अनेक जण इथेच फसतात. गोलात लख्ख उजेड असतो आणि पिलं गारठून मरत असतात. एका पिलामागे एक ते दोन वॅट हा सर्वसाधारण हिशेब. २५ पिलांना ४० वॅटचा एक बल्ब भागवू शकतो, पण मी नेहमी दोन लावायला सांगते, कारण रात्री दोनला एक बल्ब उडाला तर दुसरा सकाळपर्यंत निभावतो. बल्ब फूट-दीड फुटावर टांगा, आणि तो वायरीवर न लोंबकळवता तारेनं किंवा साखळीनं घट्ट बांधा. खाली तूस आहे, बल्ब पडला तर पिलंच काय, घरही पेटेल.

थर्मामीटर असेल तर उत्तम. नसेल तर पिलंच तापमान सांगतात. बल्बखाली गोळा होऊन कर्कश चिवचिवत असतील तर त्यांना गार लागतंय. बल्बापासून लांब, कडेला जाऊन, चोच उघडून, पंख सोडून पडली असतील तर फार तापलंय. सगळी एकाच बाजूला गेली असतील तर दुसऱ्या बाजूनं वारा येतोय, तिकडची फट बुजवा. गोलभर विखुरलेली, काही खात, काही पेंगत, बारीक आवाजात बोलत असतील तर निर्धास्त झोपायला जा. पण हे दिवसा पाहून भागत नाही. रात्री अकराला आणि पहाटे चारच्या सुमाराला एकदा उठून पाहा. गारठा तेव्हा वाढतो आणि वीजही तेव्हाच जाते. अजून एक खूण हाताशी असते. पिलू उचलून त्याचे पाय आपल्या गालाला लावा. पाय गार लागले तर जमीन गार आहे, मग वरचा बल्ब कितीही तापो.

वीज गेली तर काय, हा आपल्याकडचा खरा प्रश्न. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून गोलात ठेवा, वरून गोणपाटाचा आडोसा करा, थोडी हवा खेळेल इतकी जागा सोडा. खेड्यापाड्यांत मडक्यात निखारे ठेवण्याची पद्धत आहे. ती वाईट नाही, पण बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून दार लावून घेऊ नका. त्या धुरातला विषारी वायू दिसत नाही, त्याला वास नसतो, आणि तो पिलांबरोबर त्या खोलीत झोपलेल्या माणसालाही मारतो.

पिलं घरी आली की आधी पाणी, मग दाणा. प्रवासानं ती कोरडी पडलेली असतात. पाणी कोमट असावं, पहिल्या दिवशी त्यात थोडा गूळ किंवा ग्लुकोज विरघळवावं. प्रत्येक पिलाची चोच एकदा पाण्यात बुडवून मगच त्याला गोलात सोडा. वेळ जातो, पण मोजणी होते आणि प्रत्येक पिलावरून नजर फिरते. पाण्याचं भांडं उथळ हवं. ताटलीत पाणी देत असाल तर त्यात धुतलेले खडे टाका, कारण नवं पिलू अर्धा इंच पाण्यातही बुडून मरतं, आणि नुसतं भिजलं तरी गारठून मरतं. दोन-तीन तासांनी मक्याचा बारीक भरडा किंवा तांदळाची कणी कागदाच्या तुकड्यावर पसरून द्या. पिलाला टिपायची उपजत ओढ असते. पायाखाली दाणा दिसला की ते टिपतं. दुसऱ्या दिवसापासून तयार चिक स्टार्टर सुरू करा. घरी बनवायचं असेल तर मका, कणी, सोयाबीन किंवा शेंगदाणा पेंड आणि उकडलेल्या अंड्याचा बलक, एवढ्यावर घरगुती दहा-वीस पिलांचे पहिले दिवस निघतात, पण स्टार्टरमध्ये असलेली जीवनसत्त्वं आणि क्षार त्यात नसतात, हे लक्षात ठेवा. ओलसर, काळपट, कुबट वासाचा मका किंवा पेंड स्वस्त मिळाली म्हणून घेऊ नका. बुरशीचं विष पिलाचं यकृत खातं. ताटातलं उरलेलं खारट कालवण, चिवडा, फरसाणही नको. पिलांना मीठ सोसत नाही.

पहिल्या रात्रीचं एक काम कुणी चुकवू नये. दहा-बारा पिलं एकेक करून हातात घ्या आणि गळ्याखाली, छातीच्या वरच्या टोकाला असलेली दाण्याची पिशवी दोन बोटांनी हलकेच चाचपा. ती भरलेली आणि मऊ लागली तर पिलू खातंय आणि पितंय. भरलेली पण कडक लागली तर दाणा मिळाला, पाणी मिळालं नाही. रिकामी लागली तर त्या पिलाला बाजूला काढा, छोट्या खोक्यात बल्बखाली ठेवा, चोचीच्या कडेला गुळाच्या पाण्याचा थेंब लावा. थेंब घशात ओतू नका, श्वासनलिकेत जातो. ही पिलं त्या रात्री हाती लागली तर वाचतात.

दुसरी नजर मागच्या बाजूवर हवी. प्रवासाच्या ताणानं किंवा गारठ्यानं काही पिलांची विष्ठा शेपटीखाली चिकटून वाळते आणि वाटच बंद होते. पिलू मलूल होतं, पंख सोडून उभं राहतं. कोमट पाण्यात कापूस भिजवून ती जागा भिजवत राहा, खपली सुटेल. सुटली की पुसून कोरडं करा आणि बोटभर खोबरेल लावा. ओढून काढू नका, कातडी निघते. आणि इथे एक घोटाळा होतो, तो नीट समजून घ्या. पिलाच्या पोटावर, दोन पायांच्या मध्ये, बेंबीची काळी वाळलेली खपली असते. कधी त्याला वाळलेला दोराही लोंबत असतो. विष्ठेची जागा त्याच्या मागे, शेपटीच्या अगदी खाली असते. घाण समजून बेंबीची खपली उपटली की आतडंच बाहेर येतं. पिलू चित करून, उजेडात धरून, दोन्ही जागा वेगळ्या ओळखून मगच हात लावा.

खुडूक कोंबडीखाली पिलं काढली असतील तर यातलं निम्मं काम ती करते. बल्ब, थर्मामीटर, रात्रीचं उठणं, सगळं तिच्या पंखाखाली होतं. आपलं काम वेगळं असतं. रवणीला बसवण्याआधी तिच्या अंगावर उवा-पिसवा आहेत का ते पाहा, कारण त्या पिलांवर उतरतात आणि इवल्या जिवाचं रक्त शोषतात. पिलं निघायच्या दिवसांत तांबड्या मुंग्यांवर लक्ष ठेवा; फुटलेल्या अंड्याच्या वासानं त्या येतात आणि बाहेर पडणारं पिलूच खातात. पाटी तिवईवर ठेवून तिचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. अंड्याला चोचीनं भोक पाडल्यापासून पूर्ण बाहेर यायला पिलाला बरेचदा दिवसभर लागतो. मध्येच दिसणारी त्याची विश्रांती म्हणजे थकून हरणं नव्हे. त्या वेळात बलक आत ओढला जातो आणि कवचाखालच्या रक्तवाहिन्या सुकतात. घाईनं कवच सोललं तर रक्त येतं. पिलं निघाल्यावर पहिले चार-पाच दिवस आई-पिलांना डालग्याखाली ठेवा, आईला आतच दाणा-पाणी द्या. नंतरही दव सुकल्यावरच बाहेर सोडा. पावसाळ्यात भिजलेलं पिलू संध्याकाळपर्यंत टिकत नाही. घार, कावळा, मांजर, मुंगूस यांच्याबद्दल सांगायची गरज नाही, पण खुराड्याची जाळी अर्ध्या इंचाहून मोठ्या भोकाची असेल तर साप आणि घूस सहज आत येतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

लसीकरणाकडे घरगुती पाळणारे दुर्लक्ष करतात आणि मग एका उन्हाळ्यात मानमोडी, म्हणजे राणीखेत, सगळा खुराडा रिकामा करते. मरेक्सची लस पहिल्याच दिवशी हॅचरीत देतात. पाचव्या ते सातव्या दिवशी राणीखेतवरच्या लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी गंबोरो, चौथ्या आठवड्याच्या सुमाराला पुन्हा लासोटा आणि सहाव्या आठवड्याच्या आसपास देवीची लस, असा ढोबळ क्रम असतो. नेमके दिवस आपल्या भागातल्या पशुवैद्याला विचारून ठरवा. अडचण एवढीच, की एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात, आणि लस एकदा मिसळली की दोनेक तासांत संपवावी लागते. म्हणून गल्लीतल्या, वाडीतल्या पाच-सहा घरांनी एकच दिवस ठरवावा. कुपी बर्फात आणावी, लसीकरण सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करावं, आणि आजारी पिलांना देऊ नये.

एवढं सगळं करूनही पिलं जातात. मोठ्या, अनुभवी पोल्ट्रीतही पहिल्या आठवड्यात शंभरात एखादं-दुसरं पिलू जाणं सर्वसामान्य धरतात. परसात, पहिल्या खेपेला, त्याहून बरीच जास्त मरतूक होऊ शकते. याबद्दल आपल्याकडे दोन गोष्टी ऐकू येतात आणि दोन्ही मला पटत नाहीत. एक म्हणजे ‘पिलं मरायचीच’ असं म्हणून मेलेलं पिलू उकिरड्यावर फेकून देणं. दुसरी जास्त जिव्हारी लागणारी: ‘तिच्या हाताला गुण नाही.’ खेड्यात हे बाईबद्दलच म्हटलं जातं. ज्या बाईनं बचत गटाचं कर्ज काढून पन्नास पिलं आणलेली असतात, रात्री उठून बल्ब पाहिलेला असतो, तिला हे ऐकावं लागतं; नाही तर नजर लागली असं सांगितलं जातं. मग ती पुन्हा पिलं आणायचं नाव काढत नाही.

मेलेलं पिलू पाहायला शिका, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. त्यातून उरलेली पिलं वाचतात, आणि ज्याचा दोष आपला नव्हता त्याचं ओझंही उतरतं. हातात प्लास्टिकची पिशवी घालून ते उचला. पहिल्या दोन-तीन दिवसांत मेलेल्या पिलाचं पोट फुगलेलं, ओलसर आणि दुर्गंधी येणारं असेल, बेंबी उघडी आणि लालसर असेल, तर संसर्ग अंड्यातून, घाणेरड्या पाटीतून किंवा हॅचरीतून आलेला आहे. त्या पिलाला कुठल्याही हाताचा गुण वाचवू शकला नसता. वजनाला हलकं, दाण्याची पिशवी रिकामी असेल, तर त्यानं खायला सुरुवातच केली नव्हती. भांडी वाढवा, उजेड वाढवा. सकाळी एकाच कडेला तीन-चार चपटी, ओली पिलं मिळाली तर रात्री गारठून ढीग झाला होता. बऱ्याच पिलांच्या मागे पांढरी, चुन्यासारखी विष्ठा चिकटलेली असेल तर पांढऱ्या हगवणीची शंका घ्या. हा रोग आईकडून अंड्यातून पिलात येतो, म्हणून त्या कोंबड्यांची अंडी पुन्हा उबवायला ठेवू नका. आवाज न करता चोच उघडून श्वास घेत मेली आणि तूस कुबट असेल तर फुप्फुसात बुरशी गेली. तूस ताबडतोब बदला. तिसऱ्या आठवड्यानंतर विष्ठेत रक्त दिसलं तर रक्ती हगवण. तिच्यावर औषध आहे आणि ते पाण्यातून लागू पडतं, पण दिवस न घालवता पशुवैद्याकडून घ्या. दुकानदारानं दिलेलं प्रतिजैविक अंदाजानं सगळ्यांना पाजणं टाळा. गारठ्यानं किंवा उपासमारीनं मरणाऱ्या पिलाला त्याचा काडीचा उपयोग नसतो.

एका दिवसात बरीच पिलं गेली, माना वाकड्या झाल्या, हिरवट हगवण लागली, किंवा पिलांबरोबर मोठ्या कोंबड्याही पटापट मरू लागल्या, तर स्वतः काही कापून पाहू नका. बर्ड फ्लू आपल्याला नवा नाही. २००६ साली देशातली पहिली नोंद नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरलाच झाली होती. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा. तपासणीसाठी पिलू मागितलं तर ते दुहेरी पिशवीत घालून बर्फावर ठेवा आणि त्याच दिवशी पोहोचवा. गोठवू नका, गोठलेल्या शरीराची तपासणी नीट होत नाही. बाकीची मेलेली पिलं दोन-तीन फूट खोल खड्ड्यात, वर चुना टाकून पुरा. ओढ्यात किंवा रस्त्याकडेला टाकलेलं पिलू कुत्रं उचलून शेजारच्या खुराड्याशी नेतं.

कधी एखादं पिलू धड जगत नाही आणि मरतही नाही. पाय जन्मतः वाकडे, चोच जुळत नाही, डोळा मिटलेला. एक-दोन दिवस ऊब, गुळाचं पाणी आणि बलक देऊन पाहा. काही पिलं अशी उभी राहतात की पाहणाऱ्याला नवल वाटतं. पण ते स्वतः खाऊ-पिऊ शकत नसेल आणि दिवसेंदिवस खंगत असेल, तर पशुवैद्याला विचारून त्याचे हाल थांबवणं यात निर्दयपणा नाही. हा निर्णय ज्याला घ्यावा लागतो त्याला वाईट वाटणारच, आणि वाटलं तर ते लपवू नये.

शहरात ही गोष्ट वेगळ्या रूपात येते. जत्रेत, आठवडी बाजारात, शाळेबाहेर गुलाबी-हिरव्या रंगात बुडवलेली पिलं विकायला असतात. मूल हट्ट करतं, आई-बाबा दोन पिलं घेऊन देतात, ती बुटाच्या खोक्यात ठेवली जातात, आणि दोन-तीन दिवसांत जातात. ती बहुधा अंडी देणाऱ्या जातीतली, हॅचरीला नको असलेली नर पिलं असतात. रंगवताना भिजलेली, उपाशी, उन्हात उभी केलेली. ती घेऊच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. पण घरात आलीच असतील तर वर सांगितलेली ऊब, पाणी आणि कणी त्यांनाही हवी, आणि मुलांनी हाताळल्यावर साबणानं हात धुवावेत, चुंबन घेऊ नये. पिलांच्या विष्ठेतले जंतू लहान मुलांना आजारी पाडतात. पिलू गेलं तर ते मुलाच्या नकळत कचऱ्यात टाकून ‘उडून गेलं’ असं सांगू नका. मुलाला दाखवा, कशानं गेलं ते त्याला समजेल अशा शब्दांत सांगा. तू जोरात धरलंस म्हणून मेलं, असं चुकूनही म्हणू नका. कुंडीत किंवा अंगणात ते त्याच्या हातानं पुरू द्या. मूल रडेल, आणि त्याला रडू द्यावं.

मोठ्या माणसांचंही दुःख खरं असतं, विशेषतः त्यात पैसा अडकलेला असला की. त्यासाठी एक साधी वही उपयोगी पडते. रोज तारीख, किती मेली, पोट कसं होतं, रात्री वीज होती का, दाणा कोणता, एवढंच लिहायचं. दहा दिवसांनी ती वही घेऊन पशुवैद्याकडे किंवा जिल्ह्याच्या सघन कुक्कुट विकास गटाकडे गेलात तर बोलणं ‘काय माहीत, मेली’ एवढ्यावर थांबत नाही. घरात कुणी हाताच्या गुणाचं बोललं तरी वही उघडून दाखवता येते, की त्या रात्री वीज सहा तास नव्हती.

पुढची खेप लगेच आणू नका. जुनं तूस सगळं काढून लांब नेऊन जाळा किंवा पुरा, जमीन आणि भिंती चुन्यानं सारवा, भांडी धुऊन कडक उन्हात वाळवा, आणि जागा दोन आठवडे तरी रिकामी राहू द्या. रक्ती हगवण झाली असेल तर आणखी थोडं थांबा, तिचे जंतू ओलाव्यात टिकून राहतात. पहिल्या खेपेला शंभर आणली असतील तर दुसऱ्यांदा पंचवीस आणा; पंचवीस पिलांच्या गळ्याची पिशवी एका रात्रीत चाचपून होते. शक्यतो भर थंडी आणि भर पावसाळा टाळा. वनराज, गिरिराजसारखी परसातली जात घेत असाल तर सरकारी उबवणी केंद्रात आधी नोंदणी करावी लागते; नोंदणी करतानाच पिलं कोणत्या दिवशी निघतील, मरेक्सची लस दिलेली असेल का, आणि खोकी सकाळी मिळतील की दुपारी, हे विचारून ठेवा. सकाळी मिळाली तर अंधार पडायच्या आत प्रत्येक पिलाला पाणी आणि दाणा सापडायला अख्खा दिवस हातात राहतो.